गाडी वर्षाला ५,००० किमीच चालते, तर इंजिन ऑइल कधी बदलावं?

कोथरूडकर: पेट्रोल हॅचबॅक आहे. ऑफिस चार किमीवर, महिन्यातून एकदा गावी जाणं. पुस्तिकेत १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं आहे. गॅरेजवाले म्हणतात, ऑइल काळं पडलंय, सहा महिन्यांनी बदला. मी पुस्तिकेच्याच बाजूचा. इंजिन ज्यांनी बनवलं त्यांना जास्त कळतं. आणि दर वेळी तीन-साडेतीन लिटर जळकं ऑइल शेवटी कुठल्या नाल्यात जातं, तेही बघायला हवं.

घाटमाथा: दादा, पुस्तिका पुढेही वाचा. बऱ्याच पुस्तिकांत खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं: धूळ, ट्रॅफिक, जवळच्या फेऱ्या. तिथे मुदत कमी असते. चार किमीत इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा मध्यावर येईलही, ऑइल तापायला त्याहून वेळ लागतो. तापलं नाही की ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल त्यातच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट, सायीसारखा थर असेल तर तो ओलाव्याचाच.

लातूरची डिझेलवाली: काळं म्हणजे खराब, हे मात्र साफ चूक! डिझेलमध्ये नवं ऑइलही लगेच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. माझी गाडी हायवेला पळते, मी १०,००० लाच बदलते. बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघत जा. पातळी वाढत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तेव्हा किमी मोजत बसू नका.

कोथरूडकर: आणि सिंथेटिक टाकलं तर?

घाटमाथा: उष्णतेला जास्त टिकेल, पण पेट्रोल मिसळलं की तेही पातळ होणारच. माझं मत सहा महिनेच. आणि ऑइल फिल्टर दर वेळी नवा. तो चोंदला की ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारी बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगपर्यंत जातं.

कोथरूडकर: फिल्टरचं मान्य. सहा महिने नाही पटत. गावी जाताना गाडी सलग दोन-अडीच तास चालते, ओलावा तेव्हा उडतोच की! मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलणार.

लातूरची डिझेलवाली: झाकणाखाली थर नसेल तर चालेल. एअर फिल्टर मात्र वर्षभर थांबवू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात तो मातीनं भरतो, आणि हवा जोरात मारली की कागदच फाटतो. मग धूळ सरळ सिलिंडरमध्ये.