बार्शी लाइटचा जुना भराव वाचवायचाय, निधी कुठून मागावा?

भराववाला
नमस्कार मंडळी. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. बार्शी लाइट रेल्वेची पंढरपूर-मिरज छोटी लाइन १९२७ ला आली ती आमच्या शिवारातून, अडीच फुटी गेजची. ब्रॉडगेज करताना आमच्याकडचं वळण सरळ केलं आणि जुना भराव मागे राहिला, तीनेक किलोमीटर. रूळ कधीच गेले. लोखंडी स्लीपर बघायचे असतील तर गावातल्या गोठ्यांत या, गव्हाणीला टेकू म्हणून उभे आहेत. वर वेडी बाभळ माजलीय, पण ओढ्यावरची दगडी मोरी अजून टणक आहे, कमानीतला एक चिरा हललेला नाही. शाळेची पोरं तिथूनच जातात, आषाढीला दिंड्याही. खाली हायवेला ट्रक अंगावर येतात.

गेल्या महिन्यात रात्री कुणीतरी जेसीबी लावून पंधरा-वीस ट्रॉल्या मुरूम उचलला. आता भरावाला दार पाडल्यासारखी खिंड पडलीय. अशा आणखी दोन पडल्या की वाट संपली.

म्हणून तिथे चालायची आणि सायकलची वाट करावी, कडेला झाडं लावावीत असं डोक्यात आहे. सरपंच म्हणतात आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक टाकू. मला पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. पैसे कुठल्या योजनेतून मागायचे? कुणी असं काही केलंय का?

रिटायर्ड पॉइंट्समन
पैसे राहू दे बाजूला. जागा कुणाची ते आधी काढ. बार्शी लाइट १९५४ ला सरकारनं घेतली, तिच्याबरोबर जमीनही रेल्वेकडे आली. रूळ उचलले म्हणून जमीन मोकळी होत नसते. प्रत्येक गटाचा सातबारा काढ, भूमी अभिलेखमधून मोजणीचा नकाशा घे, मग सोलापूर डिव्हिजनला अर्ज कर. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. दिंडीला कोण अडवत नाही ते वेगळं.

आणि एक कर. मोरीच्या कठड्यावर रंगानं नंबर टाकलेला असायचा. शेवाळ खरवडून बघ. सापडला तर अर्जात पहिल्या ओळीत घाल. गावाच्या नावानं तिथे फाइल सापडत नाही, किलोमीटर आणि मोरी नंबरनं सापडते.

झेडपी बांधकाम
काका बरोबर बोलले. रेल्वेची ना हरकत नसेल तर तांत्रिक मान्यतेलाच कागद अडकतो, मग निधी कुणाचाही असो. ती मिळाली की सगळं एकाच ठिकाणी मागू नका. बाभळ काढणं आणि मातीकाम रोजगार हमीत बसवून बघा. झाडांसाठी सामाजिक वनीकरण, रेल्वे-कालव्याच्या कडेची लागवड त्यांच्याच कामात येते. खिंड भरणं आणि मोरीची डागडुजी जिल्हा वार्षिक योजनेत मागा, पालकमंत्र्यांपर्यंत विषय जायला हवा. अर्जात 'पर्यटन' कमी आणि 'दिंडी मार्ग' जास्त लिहा. खोटं तर नाहीच ते.

पेव्हर ब्लॉक मात्र टाळा. नवा भराव दोन पावसाळ्यांत बसतो आणि ब्लॉक उंदरानं पोखरल्यासारखे वरखाली होतात. मुरूम, पाणी, रोलर. बास.

सातारी पेढा
पेव्हर ब्लॉकला माझाही विरोध नोंदवा. आमच्याकडे आता फक्त झाडांच्या बुंध्यालाच बसवायचे राहिलेत.

बेदाणा
सगळे सल्ले वाचले. भरावाला लागून माझी द्राक्षबाग आहे. आजोबांची जमीन लाइनला गेली तेव्हा मिळालेले पैसे किती, हे घरात अजून हसत सांगतात. लाइन गेली तर जमीन आमच्याकडे यावी, असं आम्हाला वाटलं तर चुकलं काय? वाट झाली की पोरं मणी तोडणार, औषध मारताना कुणी तिथून चाललं तर बोल मला. आम्हाला कुणी विचारलंय?

मिसुरीतला मिरजकर
बेदाणा भाऊ, हेच भांडण अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. इथे १९८३ ला कायदा झाला: कंपनीला लाइन नको असेल तर पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकण्याऐवजी पायवाटेसाठी देता येतो. कायद्याच्या दृष्टीनं लाइन बंद झालीच नाही असं धरतात, उद्या रेल्वेला हवी झाली तर रूळ परत टाकता येतात. शेजारचे जमीनवाले कोर्टात गेले. १९९० ला कोर्टानं कायदा उचलून धरला, पण भरपाई मागायची वाटही मोकळी ठेवली. पैशाचं म्हणाल तर १९९१ पासून वाहतुकीच्याच केंद्रीय निधीतला वाटा अशा वाटांना मिळतो, साधारण ८० टक्के केंद्राचे, २० स्थानिक. मी ज्या केटी ट्रेलवर, म्हणजे जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावर केलेल्या वाटेवर, सायकल मारतो ती सुमारे ३८५ किलोमीटर आहे, खाली बारीक चुरी, ब्लॉक एकही नाही.

आपल्याकडे तसा कायदा नाही. पण अर्जात लिहा की मालकी रेल्वेचीच राहू दे, वापर आम्हाला द्या, लागेल तेव्हा परत घ्या. नाही म्हणायला साहेबाला कारण कमी उरतं.

भराववाला
पॉइंट्समन काका, नंबर सापडला. अर्धा तास खरवडलं, शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही, फोटो टाकतो.

बेदाणा भाऊ, चुकलं आमचं, आधी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. बागेच्या बाजूला तारेचं कुंपण अंदाजपत्रकातच धरू, औषधाच्या दिवशी वाट बंद ठेवू. पण एक सांगा, तुमची बाग ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं? अलीकडं असेल तर निळ्या ट्रॅक्टरवाले तुम्हीच, आणि आपण रोज डेअरीत भेटतो. रविवारी सकाळी मोरीवर या. मी टेप आणतो, हद्दीचा दगड तुम्हीच दाखवा.

बेदाणा
ट्रॅक्टर लाल आहे. निळा भावाचा. येतो.