कृषी व्यवसायाला गणित किती लागतं?
राज्य विद्यापीठात कृषी व्यवसाय शिकायला गणित कितपत लागतं, असं वर विचारलंय. बीजगणित आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. पहिल्याच वर्षी उरकून घ्या. मुलं खरी अडकतात ती ना-नफा-ना-तोटा बिंदूत, म्हणजे किती माल विकला की सगळा खर्च जेमतेम भरून निघतो त्या आकड्यात. समजा स्थिर खर्च (माल कितीही निघो, तेवढाच राहणारा) 60,000 रुपये, किलोमागे बदलता खर्च (मालाबरोबर वाढणारा) 12 रुपये आणि भाव 20 रुपये. 60,000 ला 20 उणे 12, म्हणजे 8 ने भागलं की उत्तर येतं 7,500 किलो. पण काढणीनंतर 10 टक्के माल नासला, तर काढलेल्या किलोमागे हाती 18 रुपयेच पडतात, खर्च जाऊन 6 उरतात आणि तोच आकडा थेट 10,000 किलोवर जातो! म्हणून स्प्रेडशीटमध्ये नासाडीला वेगळा रकाना ठेवाच. घरच्यांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचा खंडही शून्य धरू नका, प्रकल्प अहवाल तिथेही फसतात.