'मॉड लुक' की 'मॉडर्न लुक'?

साठच्या दशकातल्या लंडनच्या मेकअपबद्दल मराठीत लिहिताना 'मॉड' म्हणायचं की 'मॉडर्न', दोन्ही एकच ना?

नाही, बराच फरक आहे. आपल्याकडे 'ती फार मॉड आहे' म्हणजे केस कापलेली, बिनबाह्यांचं घालणारी मुलगी, मग ती कुठल्याही काळातली असो, आणि बोलण्यात थोडा टोमणापण असायचा. लंडनमधे मात्र मॉड ही ठरावीक पोरापोरींची ओळख होती. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी मॉडर्न जॅझ ऐकणाऱ्यांना मॉडर्निस्ट म्हणायचे, त्याचंच मॉड झालं, मग त्यात इटालियन सूट आले, स्कूटर आल्या आणि साठीच्या मध्यापर्यंत मुलींचा मेकअपही आला.

तो मेकअप सगळा डोळ्यांचा. ओठ इतके फिके की काही जणी लिपस्टिकऐवजी फाउंडेशनच फासायच्या, पापणीवर पांढरट शॅडो, तिच्या वरच्या घडीत गडद कमान, आणि नकली पापण्या. लंडनची मॉडेल ट्विगी तर डोळ्यांच्या खालच्या बाजूला बारीक ब्रशने पापणीचा एकेक केस रंगवायची, त्यामुळे डोळे बाहुलीसारखे मोठ्ठे दिसायचे. 1966 मधे डेली एक्स्प्रेस या वर्तमानपत्राने तिला 'त्या वर्षीचा चेहरा' ठरवलं तेव्हा ती 16 वर्षांची होती. त्याच वर्षी फॅशन डिझायनर मेरी क्वांटने डेझीच्या फुलाचं चिन्ह असलेला स्वतःचा मेकअप बाजारात आणला. मला यात सगळ्यात भारी हे वाटतं की आधी पावडर आणि लाल लिपस्टिक लावली की सतरा-अठराची मुलगी आईच्या वयाची दिसायची, या पोरींनी ते साफ उलटं केलं. नुसतं 'मॉडर्न' म्हटलं की हे सगळं हरवतं.

आता वर बघा, मी पापणीवर शॅडो लिहिलं आणि नकली पापण्यापण लिहिलं, मराठीत शब्द एकच. बोलताना चालतं, पण मेकअप समजावून सांगताना वाचणारीचा घोळ होतो, म्हणून शॅडो लागते ती पापणी आणि मस्कारा लागतो ते पापणीचे केस, असं लिहावं. 'नकली पापण्या' मात्र तसंच ठेवा, सगळे तेच म्हणतात.

मग साधना कट मॉड का?

माझ्या मते नाही. नटी साधनाची कपाळावरची ती झुलपं 1960 ची, हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिच्यावरून घेतलेली, तेव्हा ट्विगी शाळेत होती. 'साधना कट' हे नाव आपल्याकडे इतकं पक्कं आहे की त्याला दुसरं लेबल लागतच नाही.