गुन्हा कबूल करणाऱ्याला माफी दिली, तर पीडिताच्या पदरात काय पडते?

खानापूरकर:
आमच्या वाचनालयातील रविवारच्या बैठकीत परवा वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगावर चर्चा झाली. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सुनावण्या झाल्या, आणि राजकीय हेतूने केलेला गुन्हा जो संपूर्ण कबूल करील त्याला माफी मिळण्याची सोय होती. पोलिसांनी ज्या आईचा मुलगा मारला, तिला हा न्याय कसा वाटावा?

वडगावची शिक्षिका:
माफी सरसकट नव्हती. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी ८४९ जणांनाच ती मिळाली. १९७७ मध्ये कोठडीतील मारहाणीने दगावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणातील पोलिसांचे अर्ज १९९९ मध्ये फेटाळले गेले. मला मात्र आयोगाची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तेथे साक्षीदाराला आपल्या भाषेत बोलता येत असे आणि दुभाषे ते इतरांपर्यंत पोहोचवीत. माझी आजी जमिनीचा कानडी उतारा घेऊन दारोदार फिरे. वाचणारा सांगेल तेच तिला खरे मानावे लागे, आणि कागद घडी करून कनवटीला लावताना तिचा चेहरा पडलेला असे. स्वतःचे दुःख स्वतःच्या शब्दांत सांगता येणे आणि ते सरकारदरबारी नोंदले जाणे, याला मी न्यायाचाच भाग मानते.

निपाणीकर:
ताई, नोंद हवीच, पण ती पुरेशी नाही. अर्ज फेटाळला की खटला भरला जाईल, याच धाकावर माफीची योजना उभी होती. बिको प्रकरणात २००३ मध्ये सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचे ठरविले आणि तो धाकच संपला. अर्जेंटिनात १९८५ मध्ये लष्करी राजवटीच्या म्होरक्यांना शिक्षा झाल्या, पुढे कायदे करून खटले थांबविले गेले, तरी त्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या माता दर गुरुवारी राजधानीच्या चौकात फेरी घालीतच राहिल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरविले आणि म्हातारे झालेले अधिकारी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले. आपल्याकडे आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी शहा आयोगाने केली, पण १९८० मध्ये सत्ता पालटली आणि अहवाल बासनात गेला.

खानापूरकर:
बिको यांच्या कुटुंबीयांनी माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले होते आणि १९९६ मध्ये ते हरले, हे मी आजच वाचले. माझ्या प्रश्नातल्या आईचे उत्तर त्यांनी तेव्हाच देऊन ठेवले होते. येत्या रविवारी तो निकाल बैठकीत वाचू. ताई, आपण आलात तर आजींच्या उताऱ्याची गोष्टही सांगा.