गंगेच्या कासेला कोरफड : घरच्या ग्रुपवरची चर्चा

वाळपईची आत्या : गंगेची कास उजवीकडून पुढे तट्ट झालीय. सडाला हात लावला की लाथ मारते. दुधात गाठी येतायत, फोटो टाकलाय बघा. पेंड खाल्ली तिनं सकाळी. डॉक्टरांना बोलावलं की ते सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडणार, मग दूध सोसायटीला घालता येत नाही आणि घरातही वापरता येत नाही. झाडपाल्याचं काही असलं तर सांगा गे कुणीतरी.

धाकटे काका : 🌺 शुभ सकाळ 🌺

पणजीचा भाई : आत्ये, अँटिबायोटिक नकोच. लसूण तेलात उकळायची, गाळायची आणि सुई काढलेल्या सिरिंजनं सडात सोडायची. व्हिडिओ आहे, पाठवतो.

चिंगी (शिरवळ) : भाई, तो मेसेज आधी डिलीट कर. आत्या वाचून करून मोकळी होईल!

चिंगी (शिरवळ) : आत्ये, सडाच्या भोकातून आत काहीही सोडायचं नाही. लसूण नाही, कोरफडीचा रस नाही, तेल नाही. त्या भोकाच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू असतो आणि आत मेणासारखा थर असतो. जंतू अडवायची गाईची सोय तीच. स्वयंपाकघरातली सिरिंज घातली की ती मोडते, वर बुरशी आत जाते. बुरशीची कास झाली तर अँटिबायोटिकसुद्धा काही करू शकत नाही. जे करायचं ते बाहेरून.

पणजीचा भाई : बरं बाई. पण बाहेरून लावून आत काय होणार?

चिंगी (शिरवळ) : सांगते. आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गवळ्यांना शिकवतं तो लेप. तामिळनाडूच्या प्रा. पुण्यमूर्तींच्या कामातून आलेला. कोरफड 250 ग्रॅम (काटे काढायचे, साल ठेवायची), हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. मिक्सरला लावलं की हळद-चुन्यानं लाल होतं. लाल झालं नाही तर चुना मेलेला आहे असं समज. त्यातला मूठभर काढून 150 ते 200 मिली पाण्यात पातळ करायचा. कास धुऊन, गाठीचं दूध पूर्ण काढून टाकून मग सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. शिवाय दोन लिंबं कापून दिवसातून दोनदा खायला, तीन दिवस.

धाकटे काका : दहा वेळा?? त्यासाठी एक माणूस पगारावर ठेवावा लागेल.

चिंगी (शिरवळ) : काका, पातळ लेप वाळतो आणि गळतो, म्हणून परत परत. एकदा जाड थापून चालत नाही. आणि खरं गुण येतो तो निम्मा लेपाचा, निम्मा त्या दहा वेळा कास धुण्याचा आणि दूध काढून टाकण्याचा, असं माझं मत. आमच्या व्हेटर्नरी कॉलेजातल्या सरांना हे आवडणार नाही.

माई : आमच्या आजीच्या वेळी पळसाची फुलं उकळून शेकायचे. कडुलिंबाचा पाला पण घालायचे पाण्यात.

पणजीचा भाई : मग चिंगी, हे खरोखर लागू पडतं की नुसतं बोलणं?

चिंगी (शिरवळ) : सौम्य असेल तर पडतं, पण एक गोष्ट लक्षात घे. दगडी, म्हणजे ही कासेची सूज, सगळी एका जंतूची नसते. शेणातून येणारा ई. कोलाय असेल आणि गाय ठणठणीत असेल तर पुष्कळदा ती स्वतःच तो घालवते. मग तुम्ही लेप लावा की मंत्र म्हणा, श्रेय त्यालाच जातं! स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर तो मांसात दडून बसतो, तिथे लेप कमी पडतो आणि खरं म्हणजे ट्यूबसुद्धा कमी पडते. म्हणून उद्या डॉक्टर आले की औषधाच्या आधी दुधाचा नमुना घ्यायला सांग, उकळलेल्या बाटलीत, बर्फावर. पणजीतल्या टोंकच्या गुरांच्या इस्पितळात चौकशी कर कुठे तपासतात ते.

पणजीचा भाई : अमेरिकेतल्या ऑरगॅनिक डेअऱ्या तर अँटिबायोटिक वापरतच नाहीत म्हणे.

चिंगी (शिरवळ) : वापरलं की त्या गाईचं दूध ऑरगॅनिक म्हणून कायमचं विकता येत नाही, एवढंच. गाय गंभीर असताना औषध रोखायला त्यांचे नियम परवानगी देत नाहीत. युरोपात औषध चालतं, फक्त दूध बाजूला ठेवायचे दिवस दुप्पट.

धाकटे काका : माझ्याकडे गुडघ्याची डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं उरलीत. सूज उतरते झटक्यात. पाठवू?

चिंगी (शिरवळ) : नको!! ते 2006 पासून जनावरांना बंद आहे. मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशातली गिधाडं संपत आली. सुजेला मेलॉक्सिकॅम असतं, पण डॉक्टरांच्या हातून.

वाळपईची आत्या : लेप केला. लाल झाला कुंकवासारखा. दोनदा लावला. पाऊस इतका की गोठ्यात चिखलच आहे.

चिंगी (शिरवळ) : मग लेपाआधी तो चिखल. खाली सुका भुसा नाहीतर सुकं गवत घाल, रोज बदल. पिळून झालं की लगेच पुढ्यात वैरण टाक म्हणजे अर्धा तास उभी राहील, तेवढ्यात भोक मिटतं. आणि ताप बघ. थर्मामीटर आहे ना? गुदद्वारात. 101.5 ठीक, 103 च्या वर गेला तर मला नाही, डॉक्टरांना फोन.

माई : शी! थर्मामीटर घरातला वापरू नका हां.

वाळपईची आत्या : वापरला. आता तो गोठ्यातच राहणार. 102 आहे.

---

वाळपईची आत्या : चिंगे उठलीस का. गंगा रात्री बसली ती उठत नव्हती, आता कशीबशी उठली. पेंडीला तोंड लावत नाही. दूध पाण्यासारखं पिवळट. कान गार. ताप 104.

चिंगी (शिरवळ) : आत्ये, लेप बाजूला ठेव आणि डॉक्टर आत्ताच्या आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबू नको. हे विष अंगात पसरतंय, एका दिवसात गाय हातची जाते. ते येईपर्यंत कोमट पाणी पुढ्यात ठेव, सड दर तासा-दोन तासांनी रिकामा कर. जमिनीवर नाही, भांड्यात.

पणजीचा भाई : मी निघतो वाळपईला. आत्ये, डॉक्टरांच्या फीची काळजी करू नकोस.

वाळपईची आत्या : डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावलं, मेलॉक्सिकॅम आणि अँटिबायोटिक शिरेतून. नमुना घेतला. म्हणाले लेप बाहेरून चालू राहू दे, काही बिघडत नाही. संध्याकाळी परत येणार. चार घास खाल्ले आता.

माई : देवा म्हाळसे! बरं झालं.

पणजीचा भाई : दूध किती दिवस ओतायचं?

चिंगी (शिरवळ) : औषधाच्या लेबलवर असतं, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. शेवटच्या डोसापासून मोजायचे, पहिल्या नाही. चारही सडांचं ओतायचं, दुखऱ्याचंच नाही. वासराला पाजू नका. आणि दही लावायचा प्रयत्न करू नका, तसल्या दुधाचं विरजण लागत नाही.

धाकटे काका : माझं गेल्या वर्षी लागलं नव्हतं ते बहुतेक ह्यामुळेच. मी उगाच विरजणाला शिव्या घातल्या.

चिंगी (शिरवळ) : आत्ये, बाकीच्या दोघींना आधी पिळ, गंगा शेवटी, आणि हात साबणानं. त्या दोघींची तपासणी पण करून घे. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्याची पावडर. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत, तितकंच ते पाणी, गोल फिरव. दाट झालं, शेंबडासारखं, तर त्या सडात गडबड आहे.

वाळपईची आत्या : केलं. मोरीचं काही नाही. तांबूचा मागचा डावा सड दाट झाला. पण दूध पांढरं स्वच्छ, कास पण मऊ आहे गे.

चिंगी (शिरवळ) : हीच आतली दगडी, बाहेरून दिसत नाही. तांबूला लेप आणि लिंबं आजपासून, पूर्ण पाच दिवस. ट्यूबची घाई नको. पाचव्या दिवशी परत वाटी फिरव आणि फोटो टाक.

धाकटे काका : माझ्या कुंडीतली कोरफड तोडून भाईच्या गाडीत ठेवलीय. चुना पानवाल्याचा आहे, चालेल ना?

चिंगी (शिरवळ) : चालेल. पण वजन करून घाला, 15 म्हणजे 15. जास्त झाला तर कातडी भाजते.