मदत हवी आहे : लेकीच्या नटण्याच्या खेळासाठी कपडे

लेक साडेतीन वर्षांची आहे. कधी कंडक्टर होऊन आजोबांना तिकीट फाडून देते, कधी माझी ओढणी कमरेला गुंडाळून भाजी विकायला बसते. हौसेने तयार शिवलेली नऊवारी आणली, पण जरीचा काठ टोचून काखेत लाल चट्टे उठले. आता ती अंगाला लावू देत नाही. सुती, वेलक्रोची, तिची तिला चढवता येईल अशी नऊवारी किंवा डॉक्टरचा कोट पुण्यात, तुळशीबागेच्या आसपास कुठे मिळेल? गळ्याशी बांधायच्या नाड्या अजिबात नकोत, फास बसायची भीती वाटते. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, म्हणून खोटा स्टेथोस्कोप ती बघूनच घेतला. कपडे घेताना तुम्ही काय तपासता? की आईच्या जुन्या सुती साडीतून शिवून घेऊ?