मदत हवी आहे: स्प्लेंडरचं इंजिन उघडून बसलोय, जुनी पॅकिंग परत टाकू का?

कलमवाला
मंडळी, नमस्कार. मुक्काम देवगड तालुका, गाडी बाबांची १९९९ची हिरो होंडा स्प्लेंडर. गेल्या पावसापासून निळा धूर मारायची आणि तेल प्यायची. शेवटी पडवीत पोतं अंथरून इंजिन उघडलं. ब्लॉक कणकवलीला लेथवर नेऊन ०.२५ मि.मी. ओव्हरसाइझला बोअर करून (आतलं भोक तेवढं मोठं करून) आणला. नवा पिस्टन, रिंगा, पिन, क्लिपा, सगळं आलं. खोका उपडा केला तर सांध्यांत बसणाऱ्या पॅकिंगचा (गॅस्केटचा) पत्ता नाही. दुकानदार म्हणतो कोल्हापूरहून मागवतो, चार-पाच दिवस धरा. इकडे गणपती आठ दिवसांवर. माटवीचं (गणपतीवर टांगायच्या सजावटीचं) सामान, बाजार, मुंबईहून येणाऱ्यांना तिठ्यावरून आणणं, सगळं याच गाडीवर चालतं.

आमचा मेकॅनिक म्हणाला, "जुनी चलता रे. वायच ॲनाबॉन्ड मार नि बसव. काय होणा नाय." (ॲनाबॉन्ड म्हणजे सांध्याला लावायची ट्यूबमधली सीलंट पेस्ट.)

सध्याची अवस्था अशी: हेड पॅकिंग अख्खी निघाली. ब्लॉकखालची निम्मी क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या खोक्यावर) चिकटून राहिली, निम्मी हातात आली. क्लच कव्हरची जवळजवळ शाबूत आहे. ओ-रिंगा चपट्या झाल्यात. मी बागेतला माणूस, इंजिन पहिल्यांदाच उघडलंय. यातलं काय परत वापरता येईल?

घाटवाट
नवीन टाक. विषय संपला.

कलमवाला
संपला कसा? का नको ते तरी सांगा. चार-पाचशे रुपयांचा प्रश्न नाही, दिवसांचा आहे.

निवृत्त पाना
मी एसटीच्या डेपोत आयुष्य काढलं. मोटरसायकल लहान, पण पॅकिंगचं शास्त्र तेच.

पॅकिंग एकदाच दबते. वरून घोटीव दिसणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या तोंडांवर बारीक चरे, खाचा, टूलचे वण असतात. नट आवळले की पॅकिंग चेपली जाऊन त्या खाचांत भरते. पहिल्यांदा दबताना तिच्यात जेवढा मऊपणा होता, तेवढा संपला. पुढे गरम-थंड होऊन ती कडक होते. परत बसवताना ती केसभर जरी सरकली, तरी जुने उंचवटे नव्या खाचांसमोर येत नाहीत. तू तर ब्लॉक लेथवर नेऊन आणलास, त्यामुळे सगळं तंतोतंत पूर्वीच्या जागी बसेलच असं नाही.

हेडला जुनी अजिबात नको. तिथे जाळाचा दाब असतो. ॲनाबॉन्ड तिथे टिकत नाही, जळून जातं. आणि खाली ब्लॉकला थापलंस, तर जेवढं बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं. आतला तो रबरी शेव सुटून तेलात पडतो आणि तेल गाळायच्या जाळीवर जाऊन बसतो. या इंजिनात कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याला) तेल वर चढतं ते एका स्टडच्या (हेड-ब्लॉक आवळणाऱ्या लांब बोल्टच्या) भोवतालच्या फटीतून. ती वाट बुजली की वरचा कॅम कोरडा चालतो. धूर बंद होईल, पण महिन्याभरात टॅपेटं वाजायला लागतील.

मेकॅनिकला नावं ठेवू नकोस. त्याला संध्याकाळी गाडी चालू करून द्यायची असते आणि ती चालू होतेही.

बंदरावरचा
काकांशी सहमत, पण सगळी पॅकिंग एका मापाने मोजू नका. माझ्या आरएक्स १००चं क्लच कव्हर वर्षातून दोनदा उघडतं. तिथे फक्त तेल थोपवायचं असतं, दाब नाही. पॅकिंग न फाटता निघाली, कुठे घडी पडली नाही, तर दोन्ही बाजूंना ग्रीसचा पातळ हात फिरवून तीच बसवतो. तेलाचा टिपूस नाही. पुढच्या वेळी सुटतेही अलगद. तुझं क्लच कव्हर असं भागव. ओ-रिंगा मात्र फेक. चपटी झालेली रिंग परत गोल होत नाही.

कलमवाला
क्लच कव्हर समजलं. ब्लॉकखालची हाताने कापली तर? दुकानात पॅकिंगचा कागद मिळतो.

निवृत्त पाना
ब्लॉकखालची कापता येते, आम्ही शेकड्यांनी कापल्यात. कागद ब्लॉकच्या तोंडावर ठेव, गोल डोक्याच्या लहान हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत जा. धारेवर कागद आपोआप कापला जातो. स्टडची भोकं पंचने पाड. तेलाचं भोक विसरलास तर वर सांगितलेला कोरडा कॅम आलाच.

जाडी मात्र नीट बघ. जुनी व्हर्नियरने मोजलीस तर ती दबलेली असते, आकडा कमी येणार. कागद पातळ घेतलास तर ब्लॉक खाली बसतो, पिस्टन वर येतो, कॉम्प्रेशन वाढतं. जाड घेतलास तर उलट. शिवाय टायमिंग चेनचा ताणही किंचित बदलतो. म्हणून कंपनीची मिळत असताना मी कापायला सांगणार नाही. हेडची तर कागदाची कापूच नकोस.

आता एक काम कर. हेड पॅकिंग उजेडात धर आणि बोअरची कडा ते स्टडचं भोक एवढ्या भागात काय दिसतं ते सांग.

घाटवाट
मधेच बोलतो. जुनी पॅकिंग खरवडताना सँडपेपर मारू नकोस. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. रॉकेल किंवा डिझेलने भिजवून ठेव, मग बोथट पात्याने काढ. फुंकर नको. स्क्रूड्रायव्हर तर नकोच, एक ओरखडा पडला की नवी पॅकिंगही गळते.

कलमवाला
काका, बघितलं. बाबांच्या चष्म्याची काच भिंगासारखी धरून. बोअरभोवतीची कडा सगळीकडे राखाडी आहे. पण एका स्टडच्या दिशेने काळपट तपकिरी पट्टा गेलाय, नखाएवढा रुंद, स्टडच्या भोकापर्यंत. उलट्या बाजूलाही तसाच, जरा फिका. त्या ठिकाणी बोट फिरवलं तर काजळी लागली.

निवृत्त पाना
झालं. ती तिथून आधीच फुंकत होती, म्हणजे जाळाचा दाब तिथून निसटत होता. तू मला जुनी परत टाकू का विचारतोयस, आणि ती जुनी कधीची गेलेली आहे.

आता हेडचं तोंड तपास. जाड काच घे, तिच्यावर हेड पालथं ठेव, चारी बाजूंनी ०.०५ मि.मी.ची फीलर पट्टी सरकवून बघ. पट्टी आत शिरली तर हेड वाकलंय. मग नवी पॅकिंगही दोन महिन्यांत तिथेच फुंकणार. खाऱ्या वाऱ्यात पडलेल्या गाड्यांना कडेला पांढरी भुकटी धरते, तीही बघ.

कलमवाला
आईच्या ड्रेसिंग टेबलाची काच काढली. (गणपतीआधी परत लावायच्या बोलीवर.) पट्टी त्या स्टडपाशीच थोडी शिरते, बाकी कुठे नाही. उद्या पहाटेच्या गाडीने हेड घेऊन कणकवलीला लेथवाल्याकडे जातो. पॅकिंगचा फुल किट मागवलाय, फोंडा घाटातून एसटीच्या पार्सलने येईल. हे सगळं होईस्तोवर गणपती येतील, म्हणजे गणपतीला गाडी नाही. शेजारच्यांची ॲक्टिव्हा मागितलीय, मी पेट्रोल भरून देण्याच्या अटीवर त्यांनी हो म्हटलंय.

एक शेवटचं. हेडच्या एका नटाखाली तांब्याचा वायसर होता, तोही बदलू?

बंदरावरचा
किटमध्ये नवा असेल तर तोच टाक. नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापव आणि पाण्यात बुडव. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. तापल्यावर वरची काळी खपली पुसून बसव. क्लच कव्हरची पॅकिंग सोडली तर परत वापरण्यासारखी हीच एक वस्तू आहे.

निवृत्त पाना
बरोबर. आणि नट आवळताना समोरासमोरचे घे, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे.

कलमवाला
वायसर करवंट्यांच्या निखाऱ्यात टाकलाय, फुंकणीने लाल केला. आई भाकरीचं पीठ मळता मळता विचारतेय, चुलीत काय शिजतंय.